थंड इंजिनाची मंदगती : जुन्या पेट्रोल पिकअपमधील दोषाचे निदान

हिवाळ्याच्या दिवसांत माळव्याच्या पठारावर पहाटेचे तापमान पुष्कळदा दहा अंशांच्या खाली उतरते. बेळगावच्या परिसरात बोचरा गारठा असतो. गोव्याच्या किनारपट्टीत थंडी बेताची, पण दव भरपूर. अशा पहाटे दुधाची भांडी किंवा भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या जुन्या पेट्रोल पिकअपच्या मालकास एक अनुभव बहुधा परिचित असतो. सेल्फ मारताच इंजिन पेट घेते, दोन-चार आचके देते आणि बंद पडते. पुन्हा सुरू करावे, पुन्हा बंद. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत ते चालते, पाय उचलताच थांबते. अर्ध्या तासाने मात्र तेच इंजिन, जणू काही घडलेच नव्हते, अशा शांतपणे मंदगतीवर फिरत राहते. कारागिराच्या बोलीत यास 'गाडी स्लो धरत नाही' असे म्हणतात.

या तक्रारीवर सर्वत्र योजला जाणारा उपाय म्हणजे पेचकस घेऊन कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू फिरविणे. एकाने वेग वाढतो, दुसऱ्याने पेट्रोलाचे प्रमाण. पहाटेची अडचण त्याने काही दिवस टळते हे खरे; परंतु दिवसभर इंजिन गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पिते, प्लग काजळतात आणि प्रदूषण-तपासणीच्या वेळी गाडी नापास होते. जुन्या चारचाकी पेट्रोल वाहनांस मंदगतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. थंडीसाठी सैल सोडलेल्या स्क्रूने ती सहज ओलांडली जाते. मूळ दोष तर जेथे होता तेथेच राहतो. तो नेमका कोठे आहे हे शोधण्याची रीत कठीण नाही. तिला थोडा धीर मात्र लागतो.

येथे विचार केला आहे तो मुख्यतः जीपच्या घराण्यातील उघड्या हौद्याच्या गाड्यांचा. महिंद्र कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी हाती घेतली आणि साठच्या दशकात तिच्याच यंत्रसामग्रीवर 'एफसी' जातीची, चालकाची केबिन पुढे असलेली पिकअप बाजारात आणली. या गाड्यांचे हरिकेन इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटर क्षमतेचे. पुढे डिझेलचे युग आले आणि पेट्रोल इंजिने मागे पडली. सरकारी खात्यांतील पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाल्यामुळे खात्यांच्या आवारात त्या आता उरल्या नाहीत. पण शेतमळ्यांवर, लहान कारखान्यांत आणि हौशी मंडळींकडे त्या अजून आढळतात. गाडी दुसऱ्या बनावटीची असली तरी पुढील विवेचनातील तत्त्व बदलत नाही. मोजमापे तेवढी त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावीत.

थंड इंजिनाची गरज

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ जळते. तापलेल्या इंजिनात सुमारे पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल, वजनाने, पुरेसे होते. थंड इंजिनात मात्र फवारलेल्या पेट्रोलाचा मोठा भाग वाफ न होता मार्गाच्या गार भिंतींना चिकटून राहतो. वाफ पुरेशी व्हावी म्हणून पेट्रोलच कितीतरी अधिक सोडावे लागते, आणि हे काम चोकचे. शिवाय गारठलेले वंगण घट्ट असते, त्यास ढवळण्यात शक्ती खर्ची पडते; म्हणून थंडीत मंदगतीही थोडी वाढवून द्यावी लागते. चोकची दांडी ओढली असता कार्ब्युरेटरवरील जोडकाम थ्रॉटलही किंचित उघडते ते याच हेतूने. इंजिन तापत जाते तशी ही दोन्ही साहाय्ये हळूहळू काढून घ्यावयाची असतात.

यावरून निदानाचे सूत्र हाती येते. थंडीतील मंदगतीचा दोष कोणत्या क्षणी प्रकट होतो, हे कळले तर तो कोठे आहे याचा अर्धा उलगडा होतो. पहिल्या काही सेकंदांतच इंजिन मरते, की मिनिटभर चालून चोक आत सारताना मरते, की पंधरा मिनिटे झाली तरी चोक मागत राहते, या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत. 'सकाळी त्रास देते' एवढे सांगून गाडी दुरुस्तीस सोडणाऱ्या मालकाने कारागिरास काहीच सांगितलेले नसते.

येथे एक व्यावहारिक अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. थंड इंजिनाची परीक्षा दिवसातून एकदाच घेता येते. एकदा ते सुरू होऊन पाच मिनिटे चालले की त्या दिवसाची संधी संपली. दुपारी कारखान्यात नेलेली गाडी कारागिरापुढे निर्दोष चालते, आणि मग तो अंदाजाने स्क्रू फिरवितो, यात त्याचा दोष नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे ठेवावी, अथवा मालकाने स्वतः चार-पाच पहाटे एका वहीत नोंद करावी : किती वेळ सेल्फ मारावा लागला, किती सेकंदांनी बंद पडली, चोक कोठवर ओढला होता, धूर कोणत्या रंगाचा होता. एका पहाटे एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या बदलाने सुधारली हे कधीच कळत नाही.

सुरू करण्यापूर्वी

आवरण उघडावे (एफसी पिकअपमध्ये इंजिन केबिनमध्येच, आसनांच्या मधोमध झाकणाखाली असते), एअर क्लीनरची नळी काढावी आणि कार्ब्युरेटरच्या मुखात विजेरीने पाहावे. दुसऱ्या व्यक्तीस चोक ओढण्यास सांगावे. मुखावरील झडप संपूर्ण मिटली पाहिजे. पुष्कळदा असे दिसते की बटण पूर्ण बाहेर आले तरी झडप अर्धीच फिरते. तारेचे आवरण आपल्या पकडीतून सरकलेले असते. एक स्क्रू आवळल्याने सुटणारा हा दोष कित्येक ठिकाणी नवा कार्ब्युरेटर विकत घेण्यास कारण झाला असेल. त्याच वेळी थ्रॉटलकडेही पाहावे : चोक ओढल्यावर तो किंचित उघडतो का? जोडकामाचा लहानसा दुवा निखळला असेल तर पेट्रोल पुरेसे मिळूनही इंजिनास थंडीपुरता वाढीव वेग मिळत नाही.

यानंतर ॲक्सिलरेटर एकदा दाबावा. आतल्या बारीक तोटीतून पेट्रोलाची सरळ, ठाम धार उडाली पाहिजे. धार न आल्यास ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम कडक झाला आहे किंवा फाटला आहे, अथवा फ्लोटच्या पात्रात पेट्रोलच नाही. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पात्र कोरडे पडणे स्वाभाविक आहे. इंजिनाने फिरविलेला पंप ते भरीपर्यंत सेल्फ अधिक वेळ मारावा लागतो. महिनाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलातील लवकर उडणारा अंश निघून गेलेला असतो, हेही विसरू नये. असे पेट्रोल तापलेल्या इंजिनास चालते, थंड इंजिनास नाही.

मूळ अमेरिकन बनावटीत कार्टर जातीचा कार्ब्युरेटर असे. भारतातील अनेक गाड्यांवर पुढे सोलेक्स जातीचे बसविले गेले. काही सोलेक्स कार्ब्युरेटरांत मुखावर झडप मुळीच नसते. त्याऐवजी बाजूस एक स्वतंत्र छोटी यंत्रणा असते. चोकची तार तिच्यातील चकती फिरविते आणि थ्रॉटलच्या खालच्या अंगास समृद्ध मिश्रण पोहोचविते. ही यंत्रणा थ्रॉटल मिटलेला असतानाच्या ओढीवर चालते. झडपेच्या कार्ब्युरेटरात सुरू करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर दोनदा दाबणे उपयोगाचे असते. या दुसऱ्या प्रकारात सेल्फ मारताना पाय दूर ठेवणेच इष्ट, कारण थ्रॉटल उघडताच ओढ कमी होऊन मिश्रण पातळ होते. आपल्या गाडीवर कोणता प्रकार आहे हे न जाणता वर्षानुवर्षे पाय मारीत राहणाऱ्या चालकांची संख्या थोडी नसावी.

पहिली काही सेकंदे

इंजिन पेट घेऊन लगेच मरत असेल तर ते उपाशी आहे की बुडालेले, हा पहिला प्रश्न. दोहोंची लक्षणे भिन्न आहेत. पेट्रोल कमी पडत असेल तर कार्ब्युरेटरच्या मुखातून उलट 'खोकला' येतो, वेग खालीवर होतो आणि प्लग काढून पाहिल्यास तो कोरडा असतो. अधिक झाले असेल तर काळा धूर, उग्र वास, घोळत-गडगडत चाल आणि ओला, काळा प्लग. शंका राहिल्यास चोकच्या बटणासारखे दुसरे उपकरण नाही. इंजिन मरू लागले असता बटण थोडे बाहेर ओढावे. सावरले तर उपाशी होते. थोडे आत सारावे. सावरले तर बुडाले होते. झडपेचा चोक असलेल्या गाडीत इंजिन पेट घेताच बटण थोडेसे आत सारावे लागते, नाहीतर क्षणापूर्वी आवश्यक असलेले पेट्रोल क्षणानंतर जास्त होते. हा दोष गाडीचा नसून सवयीचा असतो.

बटण आत सारूनही काळा धूर थांबत नसेल तर फ्लोटकडे वळावे. सुईझडपेत कचरा अडकला असेल, अथवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले असेल. तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर खुणेपेक्षा वर भरला असेल किंवा त्यात चिखल साचला असेल तरी हवेची वाट अडून हाच परिणाम होतो.

चोक आत सारताना

सर्वांत अधिक गाड्या येथे अडतात, आणि सर्वांत अधिक चुकीचे निदानही येथेच होते. इंजिन चोकवर बरे चालते. बटण अर्धे आत जाताच थरथरते आणि बंद पडते. याचा अर्थ मंदगतीच्या मार्गातून मिळणारे मिश्रण पातळ आहे आणि चोक ती उणीव झाकीत आहे. कारणे दोनच प्रकारची : पेट्रोल कमी येते, किंवा कोठून तरी नको ती हवा शिरते.

हवेचा शोध आधी घ्यावा. मंदगतीवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. इंजिन मुळात इतकी थोडी हवा घेते की केसाएवढी फटही त्या प्रमाणात मोठी ठरते. वेगात तीच फट जाणवतही नाही. हरिकेन इंजिनाचे एक वैशिष्ट्य येथे उपयोगी पडते. त्यात हवेचा आत जाणारा मार्ग सिलिंडर हेडमध्येच ओतीव आहे. वेगळे इनटेक मॅनिफोल्ड नाही आणि म्हणून त्याचे गॅस्केटही नाही. शोधावयाच्या जागा मोजक्या उरतात : कार्ब्युरेटरच्या तळाचे गॅस्केट, झिजलेला थ्रॉटलचा दांडा, क्रँककेसमधील वाफ परत इंजिनात नेणारी झडप, आणि पोकळीवर चालणारे वायपर असल्यास त्यांची नळी. काही गाड्यांत पेट्रोल पंपाच्याच अंगात वायपरसाठी दुसरा डायाफ्राम असतो. तो फाटला तर हवेबरोबर तेलही इंजिनात ओढले जाते आणि निळसर धूर दिसतो. क्रँककेसची झडप उघडी अडकली असेल तर तिची नळी क्षणभर चिमटीत दाबताच इंजिन सावरते. वायपरच्या नळीचीही परीक्षा अशीच करावी. तळाच्या गॅस्केटभोवती घट्ट वंगणतेलाचे बोट फिरवावे. वेग बदलला तर फट सापडली. या कामी पेट्रोल शिंपडण्याची जी पद्धत काही ठिकाणी रूढ आहे ती सर्वथा वर्ज्य मानावी.

व्हॅक्यूम गेज उपलब्ध असल्यास शोध सुकर होतो. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन मंदगतीवर सतरा ते एकवीस इंचांच्या दरम्यान स्थिर काटा दाखविते. उंचीबरोबर हा आकडा दर हजार फुटांस सुमारे एक इंच कमी होतो. म्हणून पणजीत अठरा इंच दाखविणारी गाडी चोर्ला घाट चढून बेळगावात आल्यावर साडेपंधरा दाखवील, आणि त्यात दोष काहीच नसेल. काटा स्थिर पण खाली असेल तर हवा शिरते किंवा इग्निशनचा टायमिंग मागे आहे. ठरावीक तालात झटके घेत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

हवेची शंका फिटली की मिश्रणाच्या स्क्रूची परीक्षा घ्यावी. तो हलकेच आत फिरवीत न्यावा. निरोगी कार्ब्युरेटरात इंजिन अडखळू लागते. काहीच फरक पडत नसेल तर मंदगतीचा मार्ग कामच करीत नाही. त्याचे बारीक जेट डिंकासारख्या गाळाने भरले असेल. ते काढून हवेच्या झोताने साफ करावे, तार खुपसू नये, कारण भोक मोठे झाले की जेट निकामी होते. दुसरी शक्यता अधिक कपटी आहे. पूर्वी कोणीतरी वेगाचा स्क्रू इतका आत फिरवून ठेवलेला असतो की थ्रॉटल मंदगतीच्या छिद्राच्या पुढे उघडा राहतो आणि इंजिन भलत्याच मार्गावर चालते. मागील हिवाळ्यातील उपायच या हिवाळ्यातील दोष झालेला असतो. अशा वेळी दोन्ही स्क्रू मूळ ठिकाणी आणल्यावाचून गती नाही : वेगाचा स्क्रू थ्रॉटल मिटेपर्यंत मागे घेऊन, टेकल्यावर एक फेरा पुढे, मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकवून सुमारे दीड फेरा बाहेर.

पंधरा मिनिटांनंतरही चोक

गाडी बराच वेळ चोक सोडू देत नसेल तर कार्ब्युरेटर सोडून पाण्याकडे पाहावे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. वास्तविक तापण्याचे कारण बहुधा गाळाने भरलेला रेडिएटर असतो. थर्मोस्टॅट नसल्यास पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरते आणि थंडीत इंजिन योग्य तापमानास फार उशिरा पोहोचते. हरिकेन इंजिनात हवेचा मार्ग हेडमध्येच असल्याने त्यास ऊब मिळते ती हेडमधील पाण्याची. पाणी गार तर मार्ग गार, आणि पेट्रोल भिंतींना चिकटतच राहते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरते. डिपस्टिकवरील तेलास पेट्रोलाचा वास येत असेल किंवा पातळी न भरताच वाढली असेल, तर तेल त्वरित बदलावे. झीज अशाच इंजिनांत झपाट्याने होते.

इग्निशन व व्हॉल्व्ह

क्रमाने ही तपासणी कार्ब्युरेटरच्या आधी यावयास हवी. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर ठिणगीस पुरेशी वीज उरत नाही. प्लगमधील अंतर ०.७५ मिलिमीटर असावे. पॉइंटचे अंतर डिस्ट्रिब्युटरच्या बनावटीप्रमाणे बदलते : मूळ ऑटोलाइटसाठी ०.५, तर ल्यूकस पद्धतीच्यासाठी ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. एकाचे माप दुसऱ्यास लावणे हे वरचेवर घडते. किनारपट्टीत दवामुळे डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. तेथे 'थंडीचा' म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा ओलाव्याचाच असतो आणि कोरड्या फडक्याने पुसताच नाहीसा होतो. टॅपेटची मापे इंजिन थंड असताना इनटेकला ०.४६ व एक्झॉस्टला ०.४१ मिलिमीटर.

बदललेले पेट्रोल

या गाड्या घडविल्या गेल्या तेव्हाचे पेट्रोल आता मिळत नाही. पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर पोहोचले. अशा इंधनास वजनाने सुमारे साडेतेरा भाग हवाच पुरते. जुन्या मापाचे जेट मात्र पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडते, म्हणजे मिश्रण मुळातच थोडे पातळ होते. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलाच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते. पूर्वीपेक्षा मिनिटभर अधिक वेळ चोक लागणे हा त्यामुळे दोष समजू नये, आणि मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा अधिक बाहेर असणेही क्षम्य आहे. खरी हानी होते ती जुन्या रबरी डायाफ्रामांची व नळ्यांची. त्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या बसवाव्यात. इथेनॉल पाणी शोषते व टाकीतील जुना गाळ सोडविते; म्हणून दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत फिल्टर व फ्लोटचे पात्र प्रथम तपासावे.

दोन धोके

गाडी सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या मुखात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याचा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. इंजिनाने उलट भडका टाकला तर ज्वाळा मुखातून बाहेर येते, आणि एफसी पिकअपमध्ये ते मुख चालकाच्या गुडघ्याशी, केबिनच्या आत असते. एअर क्लीनर बसविल्यावाचून सेल्फ मारू नये. तो काही अंशी ज्वाळाही अडवितो. चाचणीसाठी तो काढावाच लागला तर चेहरा दूर ठेवावा आणि अग्निशामक हाताशी असावा.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. थंडीमुळे दार लावून घेतलेल्या छपरीत चोकवर चालणारे इंजिन भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्यास रंग नाही, वास नाही. डोके जड होऊ लागले तरी मनुष्य ते थंडीवर किंवा झोपेवर घालवितो, आणि काही मिनिटांतच त्याचे पाय चालेनासे होतात. पहाटेची परीक्षा नेहमी गाडी उघड्यावर ढकलून आणून करावी. त्याच छपरीत कोणी झोपत असेल तर हे अधिकच अगत्याचे.

दोष सापडून दूर झाल्यावर मंदगती लावावयाची ती इंजिन पूर्ण तापलेले, चोक पूर्ण आत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना. हरिकेन इंजिनास मिनिटास सहाशे फेरे. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेऱ्याने फिरवावेत. मग गाडी रात्रभर उघड्यावर ठेवावी आणि दुसऱ्या पहाटेची नोंद वहीतील पहिल्या पानाशी ताडून पाहावी.